टेबलावर गणपती, ड्रॉवरात पत्र

आमच्या गावात पोस्ट ऑफिस होतं तीन पावसाळे. चौथा त्याने पाहिला नाही. आमच्या पडवीत एकेकाळी सरकार बसायचं असं नव्या सुनांना सांगितलं, की त्या तोंडाला पदर लावतात आणि माझ्या बायकोकडे बघतात. बायको नुसतं मधल्या भिंतीकडे बोट दाखवते. तिथे एक भोक आहे, वीतभर उंच आणि हातभर रुंद. आमच्या पोस्टाचा इतिहास विचाराल तर तो सगळा त्या भोकात आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी घाबरट माणूस आहे. कुत्र्याला घाबरतो, इंजेक्शनला घाबरतो, अनोळखी नंबरवरून फोन आला तर आधी बायकोला देतो. दहावीला मात्र भीतीपोटीच अभ्यास केल्यामुळे गुण बरे पडले होते. पुढे वीसेक वर्षं त्या गुणांचा कोणाला काही उपयोग झाला नाही. मग गावाला पोस्ट मंजूर झालं, शाखा डाकपालाची निवड दहावीच्या गुणांवर होती, आणि वयाची अट संपायला थोडे महिने उरलेले असताना मी साहेब झालो. डाकपालही मीच आणि घरोघर पत्र पोचवणाराही मीच.

गाव आमचं पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. पुढे भातशेतं, मागे मिठागरं. शाखेसाठी जागा डाकपालाने स्वतःच द्यायची, असा नियम. म्हणून आमच्या पडवीच्या खांबाला लाल पेटी टांगली, दारावर पाटी लावली, आणि पेणच्या जुन्या बाजारातून मी एक सागवानी टेबल आणलं. भलं थोरलं, हत्तीच्या पायांसारखे पाय, आणि एक रुंद ड्रॉवर. त्या ड्रॉवरात तारखेचा शिक्का, शाईची गादी आणि द्यायची राहिलेली पत्रं. कुलूप लावलं की किल्ली माझ्या करगोट्याला. आये म्हणायची, "यवढी किल्ली बांधून हिंडतोस, जसा काय राजाचा खजिना हाय."

आता तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट.

आमचा गणपती गौरींबरोबर जातो. पिढ्यान् पिढ्या तो एकाच चौरंगावर बसत आला होता. त्या वर्षी माळ्यावरून चौरंग काढला तर त्याचा एक पाय हातात आला आणि उरलेल्या तिन्ही पायांतून वाळवीची माती गळली. नवा करायला सुतार कुठला मिळायला, गणपतीत सुतार म्हणजे साक्षात परमेश्वर. आये पडवीत आली, टेबलावर तिने दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "ह्यो बरा हाय."

"आये, ते पोस्टाचं हाय," मी म्हणालो.

"मंग? पोस्टाला काय देव नाय?"

यावर खात्याच्या नियमावलीत उत्तर नव्हतं.

हरतालिकेच्या दिवशी, सोमवारी, दुपारी डाकवाहक नेहमीसारखा थैली टाकून गेला. थैलीत तीनच पत्रं होती. दोन विम्याची. तिसरं लांबडं, खाकी, स्पीड पोस्टाचं, अलिबागच्या सरकारी कार्यालयातून आलेलं. वर नाव होतं आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या पोरीचं.

त्या पत्राची वाट त्या पोरीपेक्षा अख्खं गाव जास्त बघत होतं. तिची आई मिठागरात पाट्या वाहायची. भर उन्हात, पायांना मिठाच्या भेगा पडलेल्या. मला ती भावजी म्हणते, मी तिला वैनी. त्या पाट्यांवर पोरगी नर्सचं शिकली आणि सरकारी दवाखान्यातल्या जागेसाठी तिने अर्ज केला. अर्ज भरला पेणच्या एका सायबर कॅफेत, आणि त्या कॅफेवाल्याने ईमेलच्या जागी स्वतःचाच ईमेल घातला. तेव्हा जे काय यायचं ते कागदावर आणि माझ्याच हातून यायचं होतं.

मी पत्राची मोबाईलवर नोंद केली. खात्याने दिलेला तो मोबाईल, त्यात पत्र आलं की लिहायचं 'आलं', दिलं की सही घेऊन लिहायचं 'दिलं'. तिसरं घर म्हणजे काय लांब? ओट्यावरून हाक मारली तरी चाललं असतं. पण मला ते पत्र असं घाईत द्यायचं नव्हतं. नीट सदरा घालून जावं, "वैनी, गोड काय हाय घरात?" असं विचारावं, पाटावर बसून चहा घ्यावा, मग खिशातून काढावं. आयुष्यात दुसऱ्या कोणाला आनंदाची बातमी द्यायची संधी मला फार वेळा मिळालेली नाही. आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. पेणच्या कारखान्यातून गणपती आणायचा होता. म्हटलं, संध्याकाळी देऊ. पत्र ड्रॉवरात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला.

दीड फुटाची शाडूची मूर्ती मांडीवर घेऊन टेम्पोत बसायचं म्हणजे माझ्यासारख्याचं काय होतं ते सांगत नाही. प्रत्येक खड्ड्याला मी देवाची क्षमा मागत होतो. घरी आलो तेव्हा अंगातलं बळ गेलं होतं. आये आणि बायकोने पडवी ओळखू येऊ नये इतकी सजवलेली. टेबल मधल्या भिंतीला सरकवलेलं, त्यावर मखर, खाली झालर. ड्रॉवरची पितळी मूठ आरतीला उभं राहिलं की पोटात टोचते, म्हणून त्यांनी टेबल फिरवून ड्रॉवर भिंतीकडे केला होता. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं. मी तसं बोललोही.

मंगळवारी सकाळी भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली. पोस्टाला सुट्टी होती. आरत्या झाल्या, मोदक झाले, आणि मी सुखाने झोपलो.

बुधवारी पोस्ट उघडलं, म्हणजे पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी खाटेवर मोबाईल घेऊन बसलो. वैनी दर्शनाला आली. हात जोडले, प्रसाद घेतला आणि जाता जाता म्हणाली, "काय भावजी, पोरीचा काय कागुद?"

"गणपतीत कुठला कागद येतोय वैनी? सरकारपन मोदक खातंय!"

ती हसली. मीही हसलो. आणि हसता हसता माझी नजर झालरीवर गेली, झालरीवरून टेबलावर, आणि टेबलावरून भिंतीवर. हात आपोआप करगोट्याकडे गेला. किल्ली जाग्यावर होती. ती कुठे लावायची ते मात्र भिंतीला टेकलेलं होतं, आणि वर गणपती बसलेला.

वैनी गेली तरी माझं तोंड हसरंच राहिलं होतं. ते खाली आणायला वेळ लागला.

प्रतिष्ठा केलेली मूर्ती विसर्जनाशिवाय हलवायची नाही, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी मी आयेजवळ जाऊन बसलो.

"आये, आपन अवंदा दीड दिसाचा केला तर?"

तिने दूर्वा निवडायच्या थांबवल्या. "का?"

"नाय, आपलं… पुष्कळ लोक करतात."

"गौरी परवावर आल्यात. त्यांना काय सांगू? पोरगा दमला?"

मी मुकाट तिच्यापुढच्या दूर्वा निवडू लागलो. दुपारी मोबाईल विचारू लागला, पत्राचं काय केलंस? पत्र दिलं गेलं नसेल तर कारण नोंदवावं लागतं, आणि कारणांची यादी तयारच असते. 'टेबलावर गणपती आहे' हे त्या यादीत नव्हतं. मी बराच वेळ यादी बघितली आणि शेवटी 'दार बंद' हे कारण दाबलं. एकदा ते पाठवल्यावर मला कळलं की आतापर्यंत मी नुसता विसरभोळा होतो, आता लबाडही झालो.

त्या संध्याकाळी घरोघर आरत्या करत गाव फिरलं. प्रत्येक ओट्यावर मला वाटायचं, आता कोणीतरी विचारणार. टाळ वाजवताना माझा ठेका चुकला तर एक जण ओरडला, "मास्तर, शिक्का मारताय काय?" सगळे हसले. शिक्का म्हटल्याबरोबर मला आठवलं की तोही ड्रॉवरात आहे.

गुरुवारी सकाळी पोरगी स्वतः आली. शांत पोरगी. दर्शन घेतलं आणि माझ्यासमोर मोबाईल धरला.

"काका, माझं पत्र सोमवारीच तुमच्याकडं आलंय. हितं दाखवतंय. आन् काल 'दार बंद' म्हनून परत नेलं, असंपन दाखवतंय."

पत्राचा नंबर तिला रोह्याच्या मैत्रिणीने अलिबागला ओळख काढून मिळवून दिला होता. मैत्रिणीचं पत्र पोचलं होतं. तिला शुक्रवारी दुपारी बाराच्या आत बोलावलं होतं, सगळी मूळ कागदपत्रं आणि ते पत्र घेऊन. पत्र नसेल तर आत सोडणार नाहीत. जो येणार नाही त्याच्या जागी यादीतला पुढचा घेणार.

"तुझी तारीख येगळी असंल," मी म्हणालो.

"असंल. पन मला ठाऊक नाय ना. फोन लावला तर कोन उचलत नाय."

मागून वैनी आली. ती ओट्याच्या पायरीवरूनच म्हणाली, "दार बंद? भावजी, आमच्या दाराला फळी कुठं हाय? गोणपाट हाय गोणपाट! आन् गणपतीत कोनाचं दार बंद असतं काय?"

"ते मशीन हाय ना वैनी," मी म्हणालो, "त्याचं नेट… ते आपोआप…"

वैनीने माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पोरगीच म्हणाली, "जाऊ दे गो आये. काका बघतील. उद्या सकाळी दिलं तरी चालंल, काका. सकाळी लवकर." आणि माझ्यावर विश्वास ठेवून ती गेली.

त्या विश्वासाची जी भीती मला वाटली तशी मला आजवर कशाची वाटलेली नाही. नोकरी जाईल, पोलीस येतील, पेपरात नाव येईल, ही नेहमीची भुतं होतीच. त्यांच्या मागे एक चित्र उभं राहिलं. पांढऱ्या कपड्यांतली दुसरीच कोणी पोरगी दवाखान्यात बसली आहे, आणि आमची ही डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालली आहे. आयुष्यभर ती रोज आमच्या ओट्यावरून जाणार. आणि मला काका म्हणणार.

तिन्हीसांजेला बायको चुलीपाशी होती. मी सगळं सांगून टाकलं. 'दार बंद'पाशी आल्यावर तिने कपाळावर हात मारला.

"देवाला हलवायचं नाय, बरोबर?"

"नाय."

"मंग भिंत हलवू."

पडवी आणि भाताच्या कणगीची खोली यांच्यामधली ती भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या, वर माती आणि शेणाचा गिलावा. पुढची भिंत आम्ही विटांची केली होती, ही राहून गेली होती. गुरुवारी रात्रभर पडवीत भजनाची माणसं होती, म्हणून शुक्रवारी सकाळची आरती उरकली आणि मग बायकोने केरसुणीच्या काडीने पडवीत टेबलाची उंची मोजली. काडी मोडून ती कणगीमागे गेली, भिंतीला लावली, कोळशाने रेघ ओढली आणि कोयता हातात घेतला.

पहिल्या घावाला आये धावत आली. "काय चाललंय गो? उंदीर हाय काय?"

"व्हय," बायको म्हणाली, "मोठा हाय. तुमचाच हाय."

मग आयेला सांगावं लागलं. मला वाटलं आता ती कोयत्यापुढे आडवी पडेल. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मिठागरात मीपन पाट्या व्हायल्यात," आणि पडवीत जाऊन टेबलासमोर बसली. दोन्ही हातांनी तिने टेबलाचे पुढचे दोन पाय घट्ट धरले.

भोक पडलं. ड्रॉवरची पितळी मूठ दिसली. किल्ली कशीबशी फिरली. मी मूठ धरून ओढलं आणि ड्रॉवर जागचा हलला नाही. पावसाळ्यात सागवानही फुगतं. जोरात ओढलं तर पलीकडून आयेचा आवाज आला, "आरं, समई हालतेय!"

मी सोडून दिलं. शाडूची मूर्ती. एवढीशी सोंड. एक धक्का, आणि काय होईल याचा विचारही मला करवत नव्हता. ज्या घरात मूर्ती भंगते त्या घराबद्दल गाव वर्षभर काय काय बोलतं, ते मी लहानपणापासून ऐकलं होतं.

"ओढा," बायको म्हणाली.

"नको. मूर्ती…"

"ओढा म्हनते ना! मी टेबल दाबते." तिने भोकातून हात घालून ड्रॉवरच्या वरची फळी खाली रेटली. मी ओढलं. पलीकडे आये मोठ्याने म्हणू लागली, "हालू नको रे बाबा, हालू नको, पोरीचं काम हाय, हालू नको…" लहान मुलाचे केस कापताना म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

ड्रॉवर एकदम कचकन् अर्धा बाहेर आला. पलीकडे शांतता.

"आये?"

मी भोकाशी कान लावला.

"आये, काय झालं?"

"फूल पडलं," ती हळूच म्हणाली. "उजव्या हाताचं. कौल दिला."

कौल कसला, माझ्या धक्क्याने पडलं होतं ते. पण त्या क्षणी मीही भोकापलीकडच्या देवाला हात जोडले. पत्र ओढून काढलं आणि धावलो.

केसांत माती, बनियनवर शेण. वैनी दारातच होती. "काय ओ हे, कणगीत पडलात काय?" पोरीने माझ्या मोबाईलवर बोटाने सही केली, पाकीट फाडलं आणि वाचलं. तारीख तीच होती. आज. बाराच्या आत.

नऊ वाजत आले होते. मी तशीच मोटरसायकल काढली. पोरीने कागदपत्रांची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली. पेण मागे पडलं, रामवाडी गेली, आणि वडखळच्या अलीकडेच गाड्या अडकलेल्या. गौरींसाठी कोकणात निघालेले आणि दीड दिवसाचा करून परतणारे सगळे त्या नाक्यावर येऊन थांबले होते. कडेने वाट होती, पण चिखलाची, आणि मी दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत चाललो होतो.

"काका, तुम्ही नेहमी असंच चालवता?"

"व्हय."

"उतरा. मी चालवते."

मी उतरलो. फाईल मी धरली, ती पुढे बसली, आणि गाडी त्या चिखलातून अशी निघाली की मी डोळे मिटून घेतले. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, पण तिथेच, अलिबागच्या रस्त्याला लागल्यावर, मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. चहाचा बेत, झालर, गणपती, 'दार बंद'. मशीनने काही आपोआप केलेलं नाही, ते बोट माझं होतं. ती अलिबाग येईपर्यंत काही बोलली नाही, आणि तो रस्ता मला एरवी वाटतो त्यापेक्षा फार लांब वाटला.

साडेअकराला ती आत गेली. मी फाटकाबाहेर उकिडवा बसून राहिलो. शिपायाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. दुपारी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चहाचे दोन कप होते. एक माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या. तुमचा चहा ऱ्हायला होता ना."

मी तो तिथेच, फाटकापाशी, गरम गरम पिऊन टाकला.

वैनीने मात्र सोडलं नाही. संध्याकाळी आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बुधवारीच सांगितलं असतंत तर मीच कोयता घेऊन आले असते. दोन दिवस पोरगी जेवली नाय." एवढंच. यापेक्षा तिने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

गणपती गेले. आठवडाभराने खात्याचे ओव्हरसियर नेहमीच्या तपासणीला आले. पोक्त माणूस. टेबल जागेवर आलं होतं, पण ते कुठेही ठेवा, भोक कसं लपणार? भोकातून आमची कोंबडी बघत होती.

"हे काय?"

उंदीर म्हणता आलं असतं. बायकोने तर तसं आधी सांगून ठेवलं होतं. पण 'दार बंद' दाबल्यापासून मला यादीतल्या कारणांची धास्ती बसली होती. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "पोरीचं काम झालं?"

"झालं साहेब."

"बरं झालं. पण मास्तर, जागा सुरक्षित नाही, हे मला लिहावं लागेल. आणि दार बंद हेही."

त्यांनी लिहिलं. आधीच आमच्या शाखेला टपाल फारसं नव्हतं. दिवाळीनंतर कागद आला, मोठ्या गावच्या पोस्टात आमचं गाव जोडलं. लाल पेटी काढून नेली तेव्हा खांबावर तिच्या आकाराचा डाग राहिला. शाखेबरोबर माझी डाकपालकीही संपली, पण त्यांनी दया केली, नुसती ताकीद देऊन सोडलं. मी आता भात लावतो आणि अनोळखी फोन अजून बायकोला देतो. भोक मी बुजवायला गेलो होतो. बायकोने बुजवू दिलं नाही. कणगीच्या खोलीतून पडवीत चहा द्यायला बरं पडतं म्हणते.

पोरगी रोह्याकडच्या दवाखान्यात आहे. सुट्टीला आली की माझं ब्लड प्रेशर तपासते. "काका, इतकं घाबरू नका हो, आकडा वाढतो," म्हणते. मी तिला हो म्हणतो.

गणपती अजून त्याच टेबलावर बसतो. ड्रॉवर आता पुढच्या बाजूला असतो आणि आरतीला त्याची मूठ माझ्या पोटात टोचते. तरीही मूर्ती वर ठेवण्याआधी मी दर वर्षी ड्रॉवर उघडतो, आत हात घालून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चाचपतो, आणि मागे उभ्या असलेल्या आयेला सांगतो, "रिकामा हाय."

"परत बघ," ती म्हणते.

मी परत बघतो.